हजर किंमत

माणूस समुद्रात गेला की त्याच्या उरलेल्या आयुष्याची किंमत काढायचं काम ताल्काउआनो बंदरात एदिता ओयार्सूनकडे येई. मच्छीमारांच्या सहकारी संस्थेचा विमा होता. तो माणूस जगता तर अजून किती वर्षं कमावता राहिला असता, दर वर्षी किती कमावलं असतं, आणि ते सगळं बायकोच्या हातात आज एकरकमी ठेवायचं तर किती ठेवायचं, एवढं तिनं सांगायचं. बंदरावरच्या टेकडीवर, पत्र्याच्या घरात, पुढच्या खोलीत तिचं टेबल होतं. शेजारी रॉकेलची शेगडी, शेगडीवर किटली. खिडकीतून खाली मासळीबाजार दिसे, त्यापलीकडे बोटी, आणि आतड्यांच्या आशेनं धक्क्यावर दिवसभर लोळणारे समुद्रसिंह. मासळीचं पीठ करणाऱ्या कारखान्याचा वास घरात बारा महिने असे. त्याला इकडे कुणी वास म्हणत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात रोसेंदा आली. तिचा नवरा कुस्तोदिओ आदल्या हिवाळ्यात बोटीसकट गेला होता. ओला स्वेटर खुर्चीच्या पाठीला लावून ती शेगडीजवळ बसली आणि कागदावरच्या रकमेकडे संशयानं बघत राहिली.

"पुढच्या वर्षीचे लाख पेसो आज घ्यायचे म्हटलं तर लाख मिळत नाहीत," एदिता सांगत होती. "थोडे कमी मिळतात. कारण आजचे पैसे बँकेत ठेवले की व्याज धरून वर्षानं त्यांचेच लाख होणार. त्याच्या पुढच्या वर्षीचे आणखी कमी. व्याजावर व्याज चढत जातं ना, तेच उलट्या दिशेनं उतरत यायचं."

"म्हणजे माझा कुस्तोदिओ जितका लांबचा, तितका स्वस्त."

"तसं नाही म्हणायचं."

"मग कसं म्हणायचं, बाई?"

एदितानं चहा ओतला. खोटं बोलायला तिला जमत नसे.

"आणि असं उतरत उतरत शेवटी शून्य होतो का तो?"

"नाही. शून्य कधीच होत नाही. कितीही लांब गेलं तरी काहीतरी उरतंच. फक्त दिसत नाही."

"हे बरंय," रोसेंदा म्हणाली. "पाद्रीबाबांनी इतकंसुद्धा सांगितलं नव्हतं."

तिनं सही केली आणि ती गेली. एदिता शेवटची पडताळणी करायला बसली. पडताळणी ती मोठ्यानं वाचून करी. शिकाऊ होती तेव्हा दोघीजणी समोरासमोर बसत, एक वाची आणि दुसरी बघे. ती दुसरी कधीच लग्न करून निघून गेली, पण मोठ्यानं वाचायची खोड राहिली. नाव, वय, कमाई, व्याजाचा दर. आणि सगळ्यांत शेवटी, "हजर किंमत."

इकडे आजच्या किमतीला हजर किंमत म्हणतात. शाळेत नाव पुकारलं की पोरं जे म्हणतात, तोच शब्द. सान पेद्रो हा मच्छीमारांचा संत; जूनअखेर त्याच्या सणाला धक्क्यावर बुडालेल्यांची नावं पुकारतात, तेव्हा प्रत्येक नावामागून त्याच्या घरचं माणूस त्याच्या वतीनं तोच शब्द म्हणतं. बाल्दोला, म्हणजे एदिताच्या नवऱ्याला, त्याची भारी गंमत वाटायची. तो स्वयंपाकघरात बटाटे सोलत असायचा. इकडून ती वाचायची, "हजर किंमत," आणि तिकडून तो खणखणीत आवाजात म्हणायचा, "हजर!" तिची ओळ चुकायची. मग तिनं रागवायचं आणि त्यानं सुरी हातात घेऊन दारात येऊन विचारायचं की आज कितीला विकला मला.

तो गेला त्याला अठरा वर्षं झाली होती. आकाश इतकं स्वच्छ होतं की मेणकापडी कोट नको म्हणाला. पिवळा कोट दाराजवळच्या खुंटीवर राहिला तो राहिलाच. बोट सापडली, बाल्दो सापडला नाही.

ज्याचं शरीर सापडत नाही त्याचे कपडे पुरायची इकडे रीत आहे. समुद्राकडे तोंड केलेली त्यांची वेगळी स्मशानभूमी आहे, एकेका खड्ड्यात एकेक कोट, नाहीतर नुसते बूट. कपडे पुरल्याशिवाय सान पेद्रोला नाव पुकारत नाहीत. एदितानं कोट दिला नव्हता. विम्याचा अर्जही केला नव्हता. साऱ्या बंदराच्या नवऱ्यांच्या किमती काढणाऱ्या बाईनं स्वतःच्या नवऱ्याची कधी काढली नाही, यावर लोक पाठीमागे बोलत, आणि पाठीमागे बोललेलं टेकडीवर नीट ऐकू येई. तिला त्याचं काही नव्हतं. संध्याकाळी दार लावताना कोटाची बाही हाताला लागे, आणि अख्ख्या दिवसात तिला झालेला तेवढाच स्पर्श असे.

रोसेंदा येऊन गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कोटाखालच्या फरशीवर पाणी होतं. चमचाभर असेल.

एदितानं ते पुसलं. पावसाचे दिवस होते, पत्रा जुना होता. तिनं खुर्चीवर चढून आढं तपासलं, भिंतीला तळवा लावून पाहिला. दोन्ही कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी होतं, तिसऱ्या दिवशीही. शेजारचा नळवाला येऊन बघून गेला. या भिंतीतून पाइपच जात नाही, तर गळेल कुठून, असं म्हणून त्यानं येण्याजाण्याचे पैसे मात्र घेतले. मग तिनं कोटाची कड बोटांत धरून पाहिली. कड ओली होती. बोट जिभेला लावलं तर खारट लागलं. एवढ्यात तिच्या डोळ्यासमोर एक थेंब कडेला जमला, लोंबला आणि पडला.

दुसरी एखादी बाई पाद्रीबाबांकडे गेली असती. एदितानं खाली भांडं ठेवलं आणि स्वयंपाकघरातला तराजू आणला.

पहिल्या आठवड्यातच तिच्या लक्षात आलं. प्रत्येक दिवसाचं पाणी आदल्या दिवसाच्या सव्वापट भरत होतं. अंदाजानं सव्वापट नव्हे, अगदी काटेकोर. जे वाढलं तेही दुसऱ्या दिवशी वाढत होतं. ही चाल तिच्या इतक्या ओळखीची होती की क्षणभर तिला हायसंच वाटलं. आयुष्यभर जी वाढ तिनं कागदावर पाहिली होती, ती पहिल्यांदाच फरशीवर टपटपत होती.

जूनच्या सुरुवातीला रोजचं कपभर पाणी भरू लागलं तेव्हा ती कागद घेऊन बसली. आधी सवयीनं मागे गेली. एकेका दिवसाला सव्वानं भागत महिना गेला, वर्ष गेलं, आणि ती त्या स्वच्छ आकाशाच्या सकाळपर्यंत पोहोचली. दशांशचिन्हापुढे शून्यांच्या ओळीच्या ओळी झाल्या. पण त्या ओळींच्या टोकाला आकडा होताच. म्हणजे कोट पहिल्या दिवसापासून गळत होता. ती रोज त्याच्यावरची धूळ झटकत होती आणि तो गळत होता.

मग ती पुढे गेली. घर कधी भरेल, असलं काहीतरी तिच्या मनात होतं. सान पेद्रोच्या दिवसापाशी तिचा हात थांबला. त्या दिवशीचं पाणी अठ्ठ्याहत्तर किलो भरणार होतं.

मासळीबाजारातल्या मोठ्या काट्यावर बाल्दो एकदा पैजेवर चढला होता. काटेवाल्यानं सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडून सांगितलं होतं, "अठ्ठ्याहत्तर किलो, आणि साफ केल्यावर निम्मा!"

त्याच आठवड्यात नोल्फा आली. नोल्फा बाल्दोची धाकटी बहीण. बाजारात शिंपले विकायची. तिच्या हातांना चिरा पडलेल्या, आणि जिभेला हाड म्हणून नव्हतं. पण आज ती दारातच घुटमळली.

"आई फार दिवस काढत नाही आता, वहिनी."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"ते काय म्हणणार. नव्वदीच्या बाईचं जे म्हणायचं ते. तिचं एकच चाललंय. या सान पेद्रोला बाल्दोचं नाव पुकारू दे, मला एकदा त्याच्यासाठी हजर म्हणू दे. खिडकी उघडी ठेवू म्हणते. पडल्या पडल्या म्हणेन, पण म्हणेन."

एदितानं कोटाच्या बाहीवर हात ठेवला.

"कोट तर द्यायचाय, वहिनी. तुझं काळीज मागत नाहीये कुणी." नोल्फानं खाली पाहिलं. "हे भांडं कसलं?"

"गळतंय कुठूनतरी."

"कोटावर?" नोल्फानं वर आढ्याकडे बघितलं, मग पुन्हा भांड्याकडे. एक थेंब पडला. तिनं छातीवर क्रूस काढला आणि विषय बदलला. निघताना मात्र म्हणाली, "अठरा वर्षं तो तुझाच होता. एक दिवस त्याच्या आईला दे."

एदिताला ते लागलं. खरं होतं म्हणूनच लागलं. सासूबाईंचा तिच्यावर जीव होता. तो गेल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात रोज टेकडी चढून त्या गरम भोपळ्याच्या पुऱ्या आणून द्यायच्या आणि एदिता खाईपर्यंत समोर बसून राहायच्या. पण आता कोट देणं तिला शक्य नव्हतं. आकडा तिच्याजवळ होता, तारीख तिच्याजवळ होती. गरोदर बायका दिवस मोजतात तसे ती मोजत होती, आणि हे सांगायला तिच्याजवळ कुणीच नव्हतं.

भांड्याची बादली झाली, बादलीचा टब झाला. कोटाचे खांदे भरल्यासारखे दिसू लागले. आधी ती बाही कोपरापाशी चपटी मोडायची, आता मोडत नव्हती. घरात मासळीच्या पिठाच्या वासावर मात करून तंबाखूचा आणि ओल्या लोकरीचा वास येऊ लागला. एदिता भीत नव्हती. खरं सांगायचं तर इतकी खूश ती कित्येक वर्षांत नव्हती. चहाला दुसरा कप काढायला लागली. दिवसभरात कोण आलं, कोण काय म्हणालं, हे टपटपत्या कोटाला सांगायला लागली. कागद मोठ्यानं वाचताना "हजर किंमत" म्हणून झाल्यावर थांबायची. उत्तर येत नव्हतं. अजून वजन पुरं झालं नव्हतं, असं ती स्वतःला सांगायची.

रविवारी ती जुन्या कपड्यांच्या बाजारात गेली. पिवळे मेणकापडी कोट सगळे एकाच दुकानातले असतात. बंदरावर पाठमोरे उभे राहिले तर बायकांना आपापले नवरे ओळखू येत नाहीत. तिनं बाल्दोच्या मापाचा एक निवडला, कोपरावर ठिगळ असलेला. कुणाचा होता ते विचारलं नाही. सांगितलं असतं तर घेववला नसता.

सणाच्या दोन दिवस आधी कोट घेऊन ती सासूबाईंकडे गेली. नोल्फानं तो हातात घेतला आणि रडायला लागली. सासूबाई, म्हणजे सेल्मिराबाई, धक्क्याकडच्या खिडकीजवळ पडल्या होत्या, उशीएवढ्याच उरल्या होत्या. त्यांनी खुणेनं कोट मागितला, तोंडावर ओढला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"दुसऱ्याचा वास येतोय," त्या म्हणाल्या.

"अठरा वर्षं झाली, आई," एदिता म्हणाली. तिचा आवाज सरळ राहिला, याचं तिला मागाहून नवल वाटलं.

म्हातारीनं कोट बाजूला केला आणि सुनेकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

"असू दे. नाव तर त्याचंच पुकारतील ना?"

"हो, आई."

"मग झालं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कोट पुरला. मेणबत्त्या वाऱ्यानं टिकल्या नाहीत. शेजारणींनी एदिताला मिठ्या मारल्या, शेवटी मन मोकळं केलंस हे बरं केलंस म्हणाल्या, आणि तिनं मान हलवली.

सान पेद्रोच्या दिवशी पाऊस थांबला होता. डोकं दुखतंय म्हणून एदिता घरीच राहिली. खाली बोटींना कागदी फुलांच्या माळा लावल्या होत्या. संताची मूर्ती सगळ्यांत मोठ्या बोटीत बसली होती, भोंगे वाजत होते, ढोल वाजत होते. कोट सकाळपासून धार लावल्यासारखा गळत होता. टब भरत आला होता. तिनं चांगला निळा पोशाख घातला होता, केस विंचरले होते. बटाटे सोलून ठेवले होते. खुर्ची कोटासमोर ठेवून ती बसली.

दुपारी बोटी परतल्या. भोंगे थांबले. धक्क्यावरून कर्ण्यातून नावं पुकारायला सुरुवात झाली. टेकडीवर प्रत्येक अक्षर येत होतं. एक नाव, मग कुणा बायकोचा, कुणा पोराचा आवाज. "हजर." पुन्हा एक नाव. रोसेंदाचा आवाज तिनं ओळखला.

टब काठोकाठ भरला.

"बाल्दोमेरो उयोआ कार्कामो."

धार थांबली.

कोटाच्या दोन्ही बाह्या पुढे आल्या होत्या. गळ्याचं बटण ताणलं होतं. खुंटी करकरली.

एदिता उठून उभी राहिली. श्वास रोखून ती त्याच्या तोंडचा तो शब्द यायची वाट बघत राहिली, तसाच, स्वयंपाकघरातून यायचा तसा.

तो आला नाही.

तेव्हा तिच्या ध्यानात आलं की नाव पुकारलं की हजर म्हणायचं ते घरच्या माणसानं. ते तिनं म्हणायचं होतं. अठरा वर्षांत ते तिनं एकदाही म्हटलं नव्हतं.

तिनं तोंड उघडलं.

खालून, बंदराकडच्या कुठल्याशा खिडकीतून, एक आवाज आला. इतका बारीक की टेकडीवर पोहोचायचं काही कारण नव्हतं. तो तिच्या कानाजवळ आला.

"हजर."

कोट खुंटीवर रिकामा पडला.

तिनं हात लावला. बाही कोपरापाशी चपटी मोडली. कड कोरडी होती, भिंत कोरडी होती. टबात पाणी नव्हतं. काठाशी पांढऱ्या मिठाची एक रेघ होती, बरेच दिवस वापरात नसल्यासारखी. खाली कर्ण्यातून पुढचं नाव पुकारलं गेलं.

दिवेलागणीला नोल्फा आली. तिनं दार वाजवलं नाही, सरळ आत येऊन खुर्चीवर बसली. सोललेले बटाटे टेबलावर काळे पडले होते.

"आई गेली, वहिनी."

एदितानं तिचा हात धरला.

"मी धक्क्यावर होते. नाव पुकारलं, मी म्हणायच्या आत तिनंच म्हटलं. मला ऐकू आलं. घरी पळत आले तर..." नोल्फा थांबली. तिचा परकर गुडघ्यापर्यंत ओला होता. "गादी भिजलीय. नुसती भिजली नाही. गादीतून, चादरीतून पाणी खाली वाहतंय. खारं पाणी. उचलायला चौघं लागले, वहिनी. तिला एकीनं उचललं असतं."

"काही बोलल्या का?"

"शेजारीण होती जवळ. ती म्हणते, हजर म्हणाल्यावर आईनं दाराकडे बघितलं आणि हसली. म्हणाली, पाय पूस आधी."

एदितानं पाणी आणून दिलं. नोल्फानं ते घेतलं, पण प्यायली नाही. नुसती पेल्यात बघत राहिली. मग कोटाकडे तिची नजर गेली. पुरला असं ती समजत होती तो कोट खुंटीवरच होता. बाजारात दिवसभर बोलणारी ती बाई पेला टेबलावर ठेवून उठली आणि गेली. ती पुन्हा टेकडी चढून आली नाही.

जुलैमध्ये रोसेंदा पैसे मिळाल्याचं सांगायला आली. येताना भोपळ्याच्या पुऱ्या घेऊन आली. एदिता कुणाचंतरी काम मोठ्यानं वाचत होती. हजर किंमत म्हटल्यावर ती थांबली.

"काय झालं, बाई?"

"काही नाही. सवय."

रोसेंदा गेल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. एक कप, एक खुर्ची, खिडकीखाली समुद्रसिंहांचं केकाटणं. एकटेपणाची तिला सवय होती असं तिला वाटायचं. पण ती सवय होती वाट बघण्याची, हे तिला आता कळत होतं. नुसतं एकटं राहणं तिला नव्यानं शिकायचं होतं आणि ते जड जात होतं.

रोज सकाळी उठल्यावर ती कोटासमोर उभी राहते आणि बाल्दोचं पुरं नाव घेते. मग स्वतःच म्हणते, "हजर." पुन्हा वेळ आली तर जीभ अडायला नको.

कोटाखाली एक पांढरी बशी ठेवलेली असते. ती रोज कोरडी असते. या वेळी तिनं कागद घेतलेला नाही, तारीख काढलेली नाही. नाव घेऊन झालं की ती वाकते, कोरड्या बशीत बोट फिरवते आणि जिभेला लावते.

खारट लागतं.